उसनवारीचा मोठा कारभार : आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन उभं कसं राहतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ओळखीपाळखीच्या लोकांना संग्रहालयात घेऊन फिरायची मला हौस आहे. मूर्ती कोणाची, चित्र किती जुनं, हे लोक एकदा विचारतात आणि विसरतात. पण 'हे लंडनहून इथवर आणलं कसं?', 'वाटेत फुटलं तर?', 'आणलंच आहे तर परत कशाला द्यायचं?' हे प्रश्न बाहेर चहाच्या टपरीवरही संपत नाहीत. तेच इथं एकत्र केले आहेत. उदाहरणं जास्त करून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची घेतली आहेत. अजूनही टॅक्सीवाल्याला 'प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम' असं सांगणारे बरेच आहेत, ती हीच जागा. गेल्या दहा-पंधरा वर्षांत परदेशी प्रदर्शनांची चटक आपल्याला मुख्यतः तिथंच लागली.

सुरुवात कुठून होते? 'काय काय आणायचं' या यादीपासून?

यादी नंतर. आधी एक प्रश्न लागतो, आणि तो असा हवा की उत्तर द्यायला आपल्या कोठीतल्या वस्तू पुरणार नाहीत. कोठीतल्या वस्तूंनी भागत असेल तर परदेशातून आणायचा खटाटोप करायचाच कशाला?

'इंडिया अँड द वर्ल्ड : अ हिस्टरी इन नाइन स्टोरीज' हे प्रदर्शन ११ नोव्हेंबर २०१७ ला मुंबईत उघडलं. याच संग्रहालयाची कोनशिला बसली होती तीही ११ नोव्हेंबरलाच, १९०५ साली. स्वातंत्र्याला ७० वर्षं झाल्याचं निमित्त होतं, पण प्रश्न निमित्तापेक्षा मोठा होता : भारतात अमुक घडत होतं तेव्हा बाकी जगात काय चाललं होतं? एरवी आपण भारताचा इतिहास एका दालनात बघतो, ग्रीस-रोम पुस्तकात वाचतो, आणि डोक्यात दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. इथं ते एकाच खोलीत शेजारी मांडले गेले. मुंबईचं संग्रहालय, दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय आणि ब्रिटिश म्युझियम असे तिघे भागीदार होते. क्युरेटर, म्हणजे वस्तू निवडून गोष्ट रचणारे, दोन : दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले नमन आहुजा आणि ब्रिटिश म्युझियमचे जे. डी. हिल. वस्तू दोनशेच्या वर होत्या आणि गोष्टी नऊ : आदिमानवाच्या हत्यारांपासून पहिली शहरं, साम्राज्यं, देवाची रूपं, हिंदी महासागरातला व्यापार, दरबार, स्वातंत्र्याची ओढ, असं करत काळाच्या कल्पनेपर्यंत.

घुमटाखाली संगमरवरी थाळीफेक्या उभा होता. तो १७९१ मध्ये इटलीत सापडला. ग्रीक ब्राँझची ही रोमन काळातली नक्कल. त्याचं डोकं अठराव्या शतकात बसवताना दिशा चुकली : मूळ शिल्पात खेळाडू मान वळवून थाळीकडे बघतो, हा बिचारा जमिनीकडे बघतोय. इतक्या नामवंत पुतळ्याची मान चुकीची आहे हे सांगितलं की शाळेची मुलं लगेच जवळ येऊन बघायला लागतात. माझा तरी अनुभव असाच आहे.

प्रश्न ठरला की मग यादी, आणि यादीला कात्री. प्रत्येक वस्तूला विचारायचं, 'तू नसलीस तर गोष्ट अडेल का?' नाही अडत, तर बाद. शिवाय महत्त्वाच्या प्रत्येक वस्तूला पर्याय शोधून ठेवावा लागतो, कारण नकार येणार हे गृहीतच असतं.

एकूण किती वेळ लागतो?

तीन ते पाच वर्षं. लोकांना वाटतं पैसे नसतात म्हणून वेळ लागतो. खरी अडचण तारखांची असते. वस्तू देणाऱ्या संग्रहालयाकडे रीतसर पत्र सहा महिने ते वर्षभर आधी जावं लागतं, तिथल्या विश्वस्तांच्या बैठका ठरावीक काळानंच होतात, आणि एका बैठकीत विषय राहिला की पुढचं सगळं वेळापत्रक सरकतं.

पण परके लोक आपल्या मौल्यवान वस्तू देतातच का?

शेजारणीनं लग्नात घालायला पाटल्या मागितल्या तर आपण काय बघतो? बाई ओळखीची आहे का, नीट परत करेल का, आणि उद्या आपल्याला गरज पडली तर ती देईल का. संग्रहालयंही हेच बघतात, फक्त ती कागदावर लिहून घेतात.

त्यातही मागण्याला कारण पटणारं हवं. २०१३च्या डिसेंबरात सायरसचा सिलिंडर मुंबईत आला, तेव्हा कारण समजावून सांगायची गरजच नव्हती. इराणच्या सायरस राजानं इसवी सनापूर्वी ५३९ मध्ये बाबिलोन जिंकलं, त्यानंतर क्यूनिफॉर्म लिपीत कोरलेला हा मातीचा लहानसा नळकांडा. वीतभराच्या आसपासच आहे. पारशी समाज ज्या शहराच्या हाडामांसात आहे, त्या शहरात तो आणण्याहून सबळ कारण कुठलं? त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०१२ मध्ये, 'ममी : द इनसाइड स्टोरी' येऊन गेली होती. असा एक-एक व्यवहार नीट पार पडला की पुढचा मोठा मागता येतो. ममी, मग सिलिंडर, मग दोनशे वस्तू : ही चढण उगाच नव्हती.

कधी नशीबही साथ देतं. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं २०२३ मध्ये सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याचं प्रदर्शन केलं. जगात त्याची म्हणून ओळखली जाणारी चित्रं जेमतेम ३७, त्यातली २८ त्यांनी एका छताखाली आणली. न्यूयॉर्कच्या फ्रिक कलेक्शनची तिन्ही चित्रं मिळाली, कारण तिथल्या इमारतीचं नूतनीकरण चाललं होतं आणि दालनं नाहीतरी बंद होती. कोणाची वास्तू दुरुस्तीला निघाली आहे यावर या धंद्यातल्या लोकांचं बारीक लक्ष असतं, ते यासाठी.

मग नकार कधी येतो?

वस्तू नाजूक असेल, किंवा ती नसली तर देणाऱ्याच्या दारात येणारा प्रेक्षक नाराज होणार असेल तेव्हा. व्हर्मीरच्याच वेळी व्हिएन्नाच्या संग्रहालयानं त्याचं एक मोठं चित्र प्रवासाला नको म्हणून दिलं नाही. मोत्याच्या डुलाची ती प्रसिद्ध मुलगी हेगहून आली, पण ३० मार्चपर्यंतच; प्रदर्शन मात्र जूनपर्यंत चाललं. पिकासोची 'गेर्निका' माद्रिदबाहेर जात नाही. 'मोनालिसा' १९६३ मध्ये अमेरिकेला आणि १९७४ मध्ये टोकियो-मॉस्कोला जाऊन आली, त्यानंतर तिनं पॅरिस सोडलेलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे पाटण्याची दीदारगंज यक्षी. पूर्वी परदेशी प्रदर्शनांत ती मिरवून आली, पण त्या फेऱ्यांत तिला इजा झाली आणि पुन्हा बाहेर पाठवायची नाही असं ठरलं. योग्यच ठरलं. दोन हजार वर्षं गंगेकाठच्या मातीत टिकलेला दगड पेटाऱ्यात दुखावतो, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

वस्तूंचं भाडं द्यावं लागतं का?

दोन संग्रहालयांमध्ये बहुधा नाही, किंवा नाममात्र. पण मागणाऱ्यानं सगळा खर्च करायचा हा रिवाज आहे : पेटारे, विमान, विमा, सोबत येणाऱ्या माणसाचं तिकीट आणि हॉटेलसुद्धा. तयार प्रदर्शन जसंच्या तसं फिरवायचं असेल तर मात्र शुल्क असतं. अबू धाबीची गोष्टच निराळी. २००७च्या करारात तिथल्या नव्या संग्रहालयाला पॅरिसच्या 'लूव्र'चं नुसतं नाव वापरायला ४० कोटी युरो ठरले, वस्तूंचे पैसे वेगळे. गंमत म्हणजे ते संग्रहालय लोकांसाठी उघडलं तो दिवसही ११ नोव्हेंबर २०१७ होता. एकाच दिवशी दोन शहरांत जगाचा इतिहास मांडला गेला, एकीकडे नावासकट खरेदी करून, दुसरीकडे उसनवारीवर.

मुंबईच्या दमट हवेत या वस्तू टिकतात कशा?

वस्तू द्यायच्या की नाही हे बऱ्याचदा याच प्रश्नावर ठरतं. मागणाऱ्याला आधी आपल्या इमारतीची कुंडली पाठवावी लागते : भिंती कशाच्या, एसी चोवीस तास चालतो का, वीज गेली तर काय, आगीचं काय, रात्री पहारा कोण देतं, मालाची लिफ्ट किती रुंद. सोबत तापमान आणि आर्द्रतेच्या अनेक महिन्यांच्या नोंदी. तिथं थापा चालत नाहीत, आलेख बोलतो.

जुना आग्रह असा होता : तापमान २० अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ५० टक्के, त्यात फार तर पाच इकडे-तिकडे. थंड देशांतल्या संग्रहालयांना हे ठीक होतं. मुंबईत पावसाळ्यात बाहेरची आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर असते. ती खोलीत पन्नासवर आणून धरायची म्हणजे यंत्रांचा आणि वीजबिलाचा दम निघतो. अलीकडे जगातल्या मोठ्या संग्रहालयांच्या गटानं, ज्याला बिझो गट म्हणतात, ही मोजपट्टी सैल केली : ४० ते ६० टक्के आर्द्रता, १६ ते २५ अंश तापमान, फक्त एका दिवसात मोठे चढ-उतार नकोत. कारण पर्यावरणाचं दिलं गेलं, पण फायदा उष्ण देशांनाही झाला. माझ्या मते तो खूप आधी व्हायला हवा होता. युरोपच्या हवेला जगाची हवा मानून आखलेल्या नियमांनी किती वर्षं किती शहरांना 'तुमची इमारत योग्य नाही' असं ऐकवलं असेल!

लाकूड, हस्तिदंत, कागद, कापड यांना आर्द्रतेचा जाच जास्त. दगडाला कमी. मुंबईच्या मोठ्या उसनवारीच्या तारखा बघा : ममी नोव्हेंबर ते मार्च, सिलिंडर डिसेंबर ते फेब्रुवारी, 'इंडिया अँड द वर्ल्ड' नोव्हेंबर ते फेब्रुवारी. याउलट २०२३च्या डिसेंबरात भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस आणि रोमची जी प्राचीन शिल्पं एकत्र मांडली, ती पुढचा अख्खा पावसाळा मुंबईत होती. शिल्पं असल्यामुळे हे जमलं असावं असा माझा कयास.

दालनात एवढा अंधार का असतो? चष्मा लावूनही लेबल वाचता येत नाही.

तक्रार रास्त आहे, लेबलं मोठ्या अक्षरांत छापायलाच हवीत. पण अंधार मुद्दाम ठेवलेला असतो. प्रकाशानं झालेली हानी भरून येत नाही. उडालेला रंग परत येत नाही. म्हणून कागद, जलरंग, लघुचित्रं आणि कापडावर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर प्रकाश पडू देत नाहीत. तैलचित्रांना १५०-२०० लक्स चालतो. तुमच्या ऑफिसच्या टेबलावर तीनशे ते पाचशे असतो.

'इंडिया अँड द वर्ल्ड'मध्ये रेम्ब्रांटचं जहांगिराचं रेखाचित्र होतं. हॉलंडबाहेर पाऊल न टाकलेला हा चित्रकार मुघल लघुचित्रं समोर ठेवून बादशहा काढत बसला होता, तोही आशियातून आलेल्या कागदावर. मला विचाराल तर अख्ख्या प्रदर्शनाचं सार त्या एका पानात होतं. असा कागद चार महिने उजेडात ठेवला की पुढे काही वर्षं त्याला अंधाऱ्या कपाटात विश्रांती द्यावी लागते. त्याच्या आयुष्यातला तेवढा प्रकाश मुंबईकरांवर खर्च झाला असं समजा आणि डोळे दोन मिनिटं अंधाराला सरावू द्या.

प्रवासात वस्तूची जबाबदारी कोणाची? तुटली तर?

विमा 'खिळ्यापासून खिळ्यापर्यंत' असतो : वस्तू त्यांच्या भिंतीवरच्या खिळ्यावरून निघाली तेव्हापासून परत त्याच खिळ्यावर टांगेपर्यंत. निघताना संवर्धक, म्हणजे वस्तूंची निगा आणि दुरुस्ती बघणारे तज्ज्ञ, वस्तूची इंच-इंच तपासणी करून हालहवालाचा अहवाल लिहितात. तिरपा प्रकाश टाकून जुना तडा, टवका, सोललेला रंग फोटोत टिपतात. मुंबईत पेटारा उघडला की तोच कागद हातात धरून पुन्हा तपासणी, दोघांच्या सह्या. परत जाताना तेच दोनदा. भांडण होऊ नये म्हणून ही भाबडी वाटणारी शिस्त.

पेटारा प्रत्येक वस्तूच्या मापाचा बनवतात, आत फोमचा गाभा कोरलेला. उतरल्यावर तो लगेच उघडायचा नाही. चोवीस तास तरी दालनाच्या हवेत तसाच राहू द्यायचा, म्हणजे आतली वस्तू सावकाश नव्या हवेला रुळते. मालधक्क्यावर उभं राहून पेटारा आपल्या डोळ्यांदेखत विमानात चढला याची खात्री करायला देणाऱ्या संग्रहालयाचा माणूस सोबत असतो. करोनानंतर हे काम काही ठिकाणी कॅमेऱ्यावरून होऊ लागलं आहे. आणि सगळा खजिना एका विमानात कधीच भरत नाहीत. १९९८ मध्ये स्विसएअरचं न्यूयॉर्कहून निघालेलं विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ कोसळलं. २२९ माणसं गेली. त्यात पिकासोचं एक चित्रही होतं.

कस्टम्सची कथा थोडक्यात : वस्तू विकायला नाही, दाखवून परत न्यायला आणली आहे हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी कार्नेट नावाचा दस्त असतो, भारतात तो फिक्की ही उद्योग-व्यापाऱ्यांची संघटना देते. हस्तिदंत किंवा कासवाची पाठ असेल तर वन्यजीवांचे कागद वेगळे, आणि तिथं एक शिक्का राहिला की पेटारा अडकतो.

एवढ्या किमतीचा विमा परवडतो कोणाला?

खाजगी विम्यानं जगातली निम्मी प्रदर्शनं झालीच नसती. म्हणून काही सरकारं स्वतःच हमी देतात : नुकसान झालं तर तिजोरीतून भरपाई. अमेरिकेत १९७५ पासून, ब्रिटनमध्ये १९८०च्या कायद्यापासून ही सोय आहे. जिथं अशी हमी सहज मिळत नाही, तिथं प्रायोजक शोधावे लागतात, आणि भिंतीवर कंपनीचा लोगो का आहे याचं उत्तर तिथं सापडतं.

आपल्याच देशातून गेलेल्या वस्तू इंग्रज आपल्याला उसन्या देतात. मग परत कशाला करायच्या?

दर वेळी कोणीतरी हा प्रश्न विचारतं आणि आजूबाजूचे चारजण माना डोलावतात. राग मला कळतो. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. मालकीचा दावा हा एक मार्ग, उसनवारी हा दुसरा. उसनी आलेली वस्तू ठेवून घेतली तर त्या देशाला पुन्हा कोणी काही देणार नाही, आणि देणारे बाकी सगळ्यांनाही हात आखडता घेतील.

असं घडलेलंही आहे. १९९७ मध्ये व्हिएन्नाहून न्यूयॉर्कला आलेलं ऑस्ट्रियन चित्रकार एगॉन शीलेचं 'वॉलीचं व्यक्तिचित्र' नाझींनी लुटलेलं आहे असा दावा झाला आणि जानेवारी १९९८ मध्ये प्रदर्शन संपता संपता तिथल्या सरकारी वकिलांनी ते अडवलं. खटला बारा वर्षं चालला. २०१० मध्ये १ कोटी ९० लाख डॉलरवर तडजोड झाली. दावा खरा होता, न्याय झाला. पण जगभरच्या संग्रहालयांची झोप उडाली. म्हणून आता बरेच देश 'आलेली वस्तू जप्त होणार नाही' अशी कायदेशीर हमी आधीच देतात. २००८च्या सुरुवातीला लंडनच्या रॉयल अकॅडमीत रशियाची चित्रं यायची होती. ही हमी मिळेपर्यंत रशियानं ती देणार नाही असं सांगितलं, तेव्हा ब्रिटननं कायद्याची अंमलबजावणी घाईनं पुढे आणली.

उलट बाजूही सांगायला हवी. ब्रिटिश म्युझियमला १९६३च्या कायद्यानं संग्रहातली वस्तू देऊन टाकायला जवळजवळ मनाई आहे. त्यामुळे 'देऊन टाका' म्हटलं की 'उसनं घ्या' हे उत्तर तयारच असतं. ते उत्तर पुरेसं आहे असं मला वाटत नाही. पण ते मिळतंय म्हणून दालन रिकामं ठेवावं असंही वाटत नाही.

वाघनखं तीनच वर्षांसाठी का आली? आणि ती खरी आहेत का?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमशी महाराष्ट्र सरकारनं २०२३ च्या ऑक्टोबरात करार केला, तो उसनवारीचाच. जुलै २०२४ मध्ये वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, पुढे नागपूरलाही गेली. मुदत करारात ठरलेली असते.

खरेपणाबद्दल बोलायचं तर, वाघनखांच्या डबीवर लिहिलंय की साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, जेम्स ग्रँट डफ याला पेशव्यांच्या मंत्र्यानं ती दिली. म्युझियम स्वतः म्हणतं की अफझलखान वधाच्या वेळची हीच, हे सिद्ध करता येत नाही. आपल्याकडेही इतिहासाच्या अभ्यासकांनी हेच बजावलं. ते शंकेचं वाक्य लेबलवर, मराठीत, ठळक छापावं; रांगेत उभा असलेला माणूस तेवढा समजूतदार असतो. लेबल कोण लिहितं असं लोक विचारतात : मजकूर क्युरेटरचा, पण देणाऱ्याची मान्यता लागते, आणि एकेका विशेषणावरून आठवडे जातात.

आपल्या वस्तू बाहेर पाठवायच्या तर?

१९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाला निर्यात करता येत नाही. हस्तलिखिताला ७५ वर्षांची अट. प्रदर्शनासाठी केंद्राकडून तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. शिवाय नऊ चित्रकारांचं काम राष्ट्रीय ठेवा मानलं जातं, जुनं असो वा नसो. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ, जामिनी रॉय ही त्यातली ओळखीची नावं.

सगळी तयारी झाली आणि ऐन वेळी काही बिघडलं तर?

बिघडतंच. बेल्जियममधल्या गेंट शहरानं १ फेब्रुवारी २०२० ला पंधराव्या शतकातला चित्रकार यान व्हॅन आइक याचं मोठं प्रदर्शन उघडलं. मार्चमध्ये करोनामुळे बंद झालं ते पुन्हा उघडलंच नाही, कारण चर्चमधून उसन्या आणलेल्या त्याच्या वेदीचित्राच्या रंगवलेल्या फळ्या चर्चला परत द्यायच्या होत्या. तिकिटांचे पैसे परत करता येतात, उसनवारीची तारीख पुढे ढकलायची तर मात्र सगळ्या देणाऱ्यांचा होकार लागतो.

प्रदर्शन संपलं की?

शेवटच्या रविवारी गर्दी उसळते, म्हणून मुलांना घेऊन जायचं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार किंवा बुधवार सकाळी गाठा. संपल्यावर रिकामे पेटारे बाहेर निघतात. ते फेकलेले नसतात. तेवढे महिने तेही त्याच हवेत जपून ठेवलेले असतात, नाहीतर ओलसर लाकडात कोरडी वस्तू ठेवल्यासारखं व्हायचं. मग पुन्हा तिरपा प्रकाश, पुन्हा फोटो, पुन्हा सह्या. 'इंडिया अँड द वर्ल्ड'चा मुक्काम मुंबईत फेब्रुवारी २०१८ मध्ये हलला आणि मे महिन्यात दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात सगळी मांडामांड नव्यानं झाली. मधल्या काळात घुमटाखाली थाळीफेक्याची जागा तेवढी मोकळी होती, आणि नेहमीचे काही लोक तिथं आल्यावर सवयीनं पाऊल जरा वळवून चालत होते.